बॉयलरवरचे चार महिने सतरा दिवस

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा सासऱ्यांनी वडिलांना विचारलं, "मुलगा काय करतो?" वडील म्हणाले, "आगीजवळ असतो." सासऱ्यांचा समज झाला की मी आचारी आहे. "किती पानांची पंगत उचलतो?" असं त्यांनी पुढे विचारलं, तेव्हा मला आतल्या खोलीतून उठून बाहेर यावं लागलं.

यात वडिलांचं तसं चुकलं नव्हतं. अकोल्याला जठारपेठेत आमचं घर, आणि घरात तीन पिढ्यांची भिक्षुकी. मुलगा कारखान्यात कोळसा मारतो हे चारचौघांत सांगायचं कसं, हा त्यांना प्रश्नच होता. बॉयलर हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत तोंडाने उच्चारला नाही.

आता दिवाळी अंकासाठी "बॉयलरवरच्या बत्तीस वर्षांबद्दल लिहा" असं पत्र आलं आहे. बत्तीस वर्षांचं एका ओळीत होतं: आग पाहिली, पाणी पाहिलं, घरी आलो. सांगण्यासारखे आहेत ते पहिले चार महिने सतरा दिवस. पुढे त्या दिवसांसाठी एक कागद मिळवायला मला अमरावतीला जावं लागलं, आणि एक सोडून दोन कागद मिळाले. त्याचीच ही हकिगत.

पण आधी बॉयलर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर वाचकांचाही सासऱ्यांसारखा घोटाळा व्हायचा.

बॉयलर म्हणजे लोखंडाचं आडवं पिंप. आमचं पिंप एवढं लांब होतं की दोन बैलगाड्या बैलांसकट एकामागे एक उभ्या राहतील. त्याच्या पोटातून दोन मोठी नळकांडी आरपार गेलेली. नळकांड्यांच्या तोंडाशी भट्ट्या, आणि नळकांड्यांच्या भोवती पाणी. पाण्याची वाफ होते, वाफ इंजिन फिरवते, इंजिनावर अख्खा कारखाना चालतो. आगवाल्याचं काम दोनच गोष्टींचं. आग राखायची आणि पाणी राखायचं. आग कमी पडली तर इंजिन मंदावतं आणि मॅनेजर ओरडतो. पाणी कमी पडलं तर भट्टीचं लोखंड उघडं पडून लाल होतं, आणि मग ओरडायला मॅनेजर शिल्लक राहीलच असं नाही.

आत किती पाणी आहे हे डोकावून पाहता येत नाही. म्हणून पिंपाच्या तोंडावर बोटाएवढ्या जाडीच्या दोन उभ्या काचनळ्या बसवलेल्या असतात. आत जितकं पाणी, तितकंच नळीत दिसतं. ही काच दर तासाला 'धुवायची' असते. खालची तोटी उघडली की पाणी आणि वाफ फुस्सकन बाहेर येते. तोटी बंद केली की नळीत पाणी पुन्हा उसळून आपल्या जागी येतं. आलं, म्हणजे काच खरं बोलते आहे. आमच्याकडचं पाणी जड. त्यातला क्षार काचेकडे येणाऱ्या वाटेत बसत जातो. वाट बुजली की आत काहीही होवो, काचेतलं पाणी होतं तिथंच उभं राहतं. दोन काचा यासाठीच असतात, की एक खोटं बोलली तर दुसरीवरून कळावं.

वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या हंगामातली ही गोष्ट. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. अमरावतीला मामा होते. त्यांच्या ओळखीने कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मला बॉयलरवर घेतलं. सहा महिन्यांची उमेदवारी, मग कायम. माझी रवानगी किसनाजी मिस्त्रींच्या हाताखाली झाली.

किसनाजी मिस्त्री तेव्हा पन्नाशीचे असतील. बुटके, रुंद खांद्यांचे, भुवया भट्टीच्या झळीने कायमच्या जळालेल्या. सहीपुरतं लिहिता यायचं. मला पाहून त्यांनी पहिल्यांदा माझे हात उलटे-सुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "महाराज, हे हात तं घंटा वाजवाचे आहेत." तेव्हापासून मी कारखानाभर महाराज झालो.

पण शिकवायला त्यांच्यासारखा माणूस मला पुन्हा भेटला नाही. कोळसा भट्टीत कसा पसरायचा, ज्वाळेचा रंग कोणता चांगला, कोणता वाईट, हे त्यांनी मला माझ्या शेजारी उभं राहून दाखवलं. मागच्या बाजूला प्रेसमध्ये गाठ बांधली जात असली तरी पुढे बसून ते सांगायचे, "आता वाफ मागन इंजिन," आणि खरंच वाफेच्या दाबाचा काटा खाली यायला लागायचा. मी विचारायचो, कसं कळलं? ते म्हणायचे, "आयकू येते ना." मला नुसता खडखडाट ऐकू यायचा. त्या खडखडाटात त्यांना इंजिनाचा श्वास वेगळा ऐकू यायचा, पंपाचा वेगळा, आणि कापूस सोलणाऱ्या यंत्रांचा वेगळा. त्यांच्याजवळ बसलं की मला देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटायचं. घरी सांगितलं असतं तर वडील रागावले असते.

चार महिने नीट गेले. मधे एक काच तडकून फुटली. तिच्या तोट्या बंद करून ठेवल्या. नवी काच मुंबईहून यायची होती. मिस्त्री रोज सकाळी मॅनेजर साहेबांना आठवण करत, साहेब रोज म्हणत, "लिहिलंय." आठ दिवस आम्ही एकाच काचेवर काम करत होतो. मिस्त्रींनी मला बजावलं होतं, "आता तासाले नाई, अर्ध्या तासाले धुवाची. अन् धुतली का वहीत खूण कराची."

त्या दिवशी सकाळी मी खुणा केल्या. काच धुतली नाही.

का नाही धुतली, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतो आहे. कारण काहीच नव्हतं. कंटाळा आला होता. चार महिन्यांत त्या काचेने एकदाही दगा दिला नव्हता. तोटी उघडली की गरम थेंब हातावर उडायचे. पाणी बरोबर अर्ध्यावर दिसत होतं. मी वहीत एक खूण केली, अर्ध्या तासाने दुसरी, मग तिसरी. पाणी पुरेसं आहे असं पाहून पंपही मंद केला.

अकराच्या सुमाराला मिस्त्री इंजिनघरातून तंबाखू मळत आले. दारातच थांबले. मी फुशारकीने म्हणालो, "पाहा मिस्त्री, सकाळपासून पाणी अर्ध्यावर धरून ठेवलंय. जरासुद्धा हललं नाही."

त्यांच्या हातातली तंबाखू खाली पडली.

चालू बॉयलरच्या काचेतलं पाणी कधीच स्थिर नसतं. ते बारीक बारीक हलत राहतं, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं. हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. दहा-बारा पावलांवरून, दारातल्या उन्हातून अंधारात पाहून, त्या माणसाला बोटाएवढ्या नळीतलं पाणी हलत नाही हे दिसलं. मी दीड तास समोर बसून होतो, मला दिसलं नव्हतं.

त्यांनी येऊन खालची तोटी उघडली. नळी रिकामी झाली. तोटी बंद केली. पाणी परत आलं नाही. त्यांनी काचेच्या वाटेत तार घालून क्षार मोकळा केला, पुन्हा तोटी फिरवली. कोरडी वाफ आली. काचेत थेंबभर पाणी चढलं नाही. म्हणजे आतलं पाणी काचेच्या तळाच्याही खाली गेलं होतं. किती खाली, ते सांगता येत नव्हतं.

माझा हात आपोआप पंपाच्या चाकाकडे गेला. त्यांनी मनगट धरलं.

"हात नको लावू. तापल्या लोखंडावर थंडं पानी गेलं तं आपन सारे जाऊ."

आवाज अजिबात चढलेला नव्हता. त्यांनी कोळशावरच्या दोघा गड्यांना बाहेर जायला सांगितलं. मग मला म्हणाले, "जिनातल्या बायाइले बाहीर काढ. पयू नको. वरडू नको. चहाची सुट्टी झाली म्हन. फाटकापाशी चला म्हन."

बॉयलरच्या भिंतीला लागूनच जिनाची मोठी खोली. तिथे कापूस सोलणाऱ्या यंत्रांवर ओळीने बाया बसलेल्या. पार्वताबाई म्हणून त्यांची मुकादम होती. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आज काहून इतक्या लवकर?" मी म्हणालो, "साहेबांनी सांगितलं." बाया उठल्या, पदर झटकत, बोलत, हळूहळू निघाल्या. एक मधूनच परत फिरली, भाकरीचं फडकं घ्यायला. मी तिच्यासाठी थांबलो. एवढं मी नीट केलं. सगळ्या फाटकापाशी पोचल्या.

मग मी परत आत जायला हवं होतं. दोन भट्ट्या होत्या आणि आत माणूस एक होता.

मी गेलो नाही. फाटकापाशी चिंचेचं झाड होतं, त्याच्या खोडाला टेकून उभा राहिलो आणि धुराड्याकडे पाहत राहिलो. बाया माझ्याशी बोलत होत्या, मला शब्द कळत नव्हते. आत काय चाललं असेल ते मला नेमकं माहीत होतं, कारण त्यांनीच शिकवलं होतं. ओली राख फावड्याने दोन्ही भट्ट्यांत टाकायची, आग दाबायची. धुराड्याकडची झडप बंद करायची. इंजिन तसंच चालू ठेवायचं, कारण वाफ एकदम अडवणंही धोक्याचं. आणि हे सगळं त्या पिंपाच्या तोंडासमोर उभं राहून करायचं. फुटलं तर पहिला तोच.

धूर पातळ होत गेला. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. मग इंजिनाचा आवाज मंद होत होत थांबला, आणि मिस्त्री दारात आले. अंगातला सदरा भिजून काळा झाला होता. त्यांनी पार्वताबाईकडे पाणी मागितलं आणि उभ्यानेच दोन तांबे प्यायले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ते मुद्दाम पाहत नव्हते असं मला वाटलं. खरं म्हणजे त्यांना घामामुळे डोळेच उघडता येत नव्हते, हे मला नंतर कळलं.

मॅनेजर साहेब त्या वेळी वॅगनींच्या कामाने बडनेऱ्याला गेले होते. संध्याकाळी आले तेव्हा मिस्त्रींनी एवढंच सांगितलं, "काचेची वाट बुजली होती. दुसरी काच आल्याबिगर मी आता पेटवत नाई." माझं नाव निघालं नाही. काच दोन दिवसांत आली.

चौथ्या दिवशी मी राजीनामा दिला. कारण लिहिलं, घरगुती अडचण. निघताना मिस्त्रींच्या पाया पडायला गेलो तर ते वही उघडून बसले होते. माझ्या तीन खुणांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ह्या तू न धुताच केल्या ना?"

"हो."

त्यांनी वही मिटली. "बरं. जाय."

अकोल्याला परतलो. वडिलांना आनंद लपवता आला नाही. दीड-दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर सत्यनारायण सांगत फिरलो. लोक वाकून पाया पडत आणि मला ते चिंचेचं झाड दिसे.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर सरकीच्या तेलाची एक गिरणी होती. सकाळी तिचा भोंगा झाला की माझं लक्ष पूजेतून उडायचं. एक दिवस सोवळं घरी ठेवून मी गिरणीत गेलो आणि कोळशावर गडी म्हणून राहिलो. वडील महिनाभर बोलले नाहीत. मी मात्र पहिल्या दिवशी, कोणी सांगितलेलं नसताना, काच धुतली. अर्ध्या तासाने पुन्हा धुतली. तिथला म्हातारा आगवाला म्हणाला, "पोरा, झिजवशील तिले."

पुढे त्या म्हाताऱ्याची नजर गेली. मालक मला म्हणाले, "तू सरकारी परीक्षा दे. पास झालास तर बॉयलर तुझा, नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल." बॉयलर चालवायला परीक्षेचं प्रमाणपत्र लागतं आणि परीक्षेला बसायला बॉयलरवर ठराविक मुदत काम केल्याचा दाखला लागतो. गिरणीतले महिने मोजले तर चार महिने कमी पडत होते. अर्जाची तारीख तोंडावर आलेली. अमरावतीला गेल्याशिवाय इलाज नव्हता.

मॅनेजर साहेबांनी रजिस्टर काढून माझं नाव शोधलं. शेरा वाचून दाखवला: "उमेदवारी पूर्ण न करता राजीनामा. पूर्वसूचना नाही."

"साहेब, मला कायमचा दाखला नको. जेवढे दिवस केले तेवढ्यांचाच द्या."

"अहो, उमेदवारी म्हणजे आम्ही तुम्हाला पाहतो तो काळ. पाहणं पुरं व्हायच्या आत तुम्ही निघून गेलात. मी काय पाहिलं म्हणून लिहू? उद्या असा प्रत्येक जण येईल."

त्यांचं बोलणं मला खोडता येईना. बाहेर आलो. मिस्त्रींना तोंड न दाखवता स्टेशनवर जावं असं मनात होतं, पण बॉयलरघरावरूनच वाट होती. ते दाराशी भाकरी खात बसले होते.

"काय महाराज. काय पायजे?"

मी सांगितलं.

"साहेब नाई म्हनते?"

"उमेदवारी पुरी केली नाही म्हणून."

"ते तं खरंच आहे." त्यांनी शांतपणे भाकरी संपवली, हात धुतले. "कागद आहे का तुयापाशी? मग लिव. मी सांगतो."

मी कोळशाच्या ढिगाशेजारी पाटीवर कागद ठेवून बसलो. ते सांगत गेले, मी त्यांचं बोलणं माझ्या शुद्ध मराठीत लिहीत गेलो. माझं नाव. कोणत्या बॉयलरवर काम केलं. किती दिवस, तर चार महिने सतरा दिवस. हे त्यांना तोंडपाठ होतं. "कोळसा चांगला मारतो. आग ओळखतो. कामावर वेळेवर येतो." मला बरं वाटायला लागलं. मग ते म्हणाले, "आता लिव. एक दिवस काच न धुता धुतली म्हनून खूण केली. पानी खाली गेलं."

माझा हात थांबला. "मिस्त्री, हेही लिहायचं?"

"झालं का नाई झालं?"

"झालं."

"मंग लिव. बाया बाहीर काढाले सांगतल्या, त्या नीट काढल्या. कोनी पयालं नाई, कोनी पडलं नाई. हे बी लिव, हे तुयं काम चांगलं होतं. मंग हा परत आत आला नाई."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं ते अजून तसंच आहे.

"चवथ्या दिवशी आपल्या मनानं काम सोडून गेला. त्याले कोनी काढलं नाई." ते जरा थांबले. "आता तिथं गिरनीत काच धुतो का?"

"अर्ध्या तासाला."

"मंग लिव. हा मानूस आता काच धुतल्याबिगर राहनार नाई, असं मायं मत आहे."

तो कागद घेऊन ते स्वतः माझ्याबरोबर मॅनेजर साहेबांकडे आले, टोपी हातात धरून उभे राहिले. साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. चष्मा काढला.

"हा दाखला आहे? हे इन्स्पेक्टरच्या हाती पडलं तर काय होईल कळतंय का तुम्हाला?"

"मायं बी होईल, साहेब. मी तुमाले त्या दिवशी सारं नाई सांगतलं."

"का नाही सांगितलं?"

"तुमी या पोराले काढलं असतं. अन् मंग दुसरी काच आठ दिवस काहून नव्हती, हे बी मले सांगा लागलं असतं."

बाहेर प्रेसचा दणका ऐकू येत होता. मी त्या दोघांकडे पाहत होतो. मिस्त्रींची नोकरी, घर, पुढची दहा वर्षं, सगळं त्या एका कागदात होतं, आणि ते पाऊस येईल की नाही अशा सहजपणे बोलत होते. त्यांनी हे माझ्यासाठी केलं म्हणावं तर कागदात माझी शोभाच होती. साहेबांना धमकावण्यासाठी म्हणावं तर तसं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दाखला म्हणजे जे झालं ते लिहायचं, एवढंच त्यांना माहीत होतं.

साहेबांनी तो कागद आमच्याकडे सरकवला. कारखान्याचा छापील कागद घेतला आणि दोन ओळी लिहिल्या: सदर गृहस्थांनी बॉयलरवर चार महिने सतरा दिवस काम केलं, वर्तणूक समाधानकारक. सही, शिक्का. "हा घ्या. तो फाडून टाका."

मी तो घेतला. घ्यायला नको होता असं आज म्हणणं सोपं आहे.

बाहेर आल्यावर मिस्त्रींनी तो माझ्याकडून वाचून घेतला. "चांगला आहे. अर्जाले हाच लाव." मग दुसऱ्या कागदाखाली पेन्सिल ओली करून एकेक अक्षर जुळवत त्यांनी सही केली. "अन् हा ठेव. कोनाले दाखवाचा, नाई दाखवाचा, तुयं तू पाह्य. मायं नाव खाली आहे, ते मी पुसत नाई."

परीक्षा नागपूरला. तोंडी. समोर एक वयस्कर इन्स्पेक्टर, टेबलावर माझा अर्ज आणि साहेबांचा दाखला. आग, झडपा, पंप यांबद्दल त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मग सगळ्यांना विचारतात तो प्रश्न आला: पाणी काचेच्या खाली गेलं तर काय कराल? मी घडाघडा म्हणून दाखवलं. पंप सुरू करायचा नाही. ओल्या राखेने आग दाबायची. वाफ एकदम अडवायची नाही. माणसं बाहेर काढायची.

"बरोबर," ते म्हणाले. "आणि हे सगळं होत असताना तुम्ही कुठे उभे असाल?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. बॉयलरसमोर, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. मी खिशातून तो दुसरा कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

त्यांनी सावकाश वाचला. "हे कोणी लिहायला सांगितलं?"

"मिस्त्रींनी. खाली सही आहे, त्यांनी."

"अक्षर कोणाचं?"

"माझं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा सहीकडे पाहिलं. ती वेडीवाकडी सही ते बराच वेळ पाहत होते. "हे गृहस्थ अजून तिथेच आहेत?"

"हो. पण साहेब, त्यांच्यावर काही..."

"मी विचारलं ते अजून तिथे आहेत का." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "हा जपून ठेवा. या तुम्ही."

नागपूरहून परत येताना गाडीत माझी खात्री झाली होती की मी नापास झालो आणि वर मिस्त्रींचाही घात केला. महिनाभर अन्न गोड लागलं नाही. मग पोस्टाने प्रमाणपत्र आलं. दुसरा वर्ग, पास. वडिलांनी ते देवापुढे ठेवलं, आत काय आहे ते न वाचता.

ते घेऊन मी तडक अमरावती गाठली. हंगाम संपला होता, वैशाखाचं ऊन होतं, कारखाना बंद. वर्षातून एकदा बॉयलर रिकामा करून आतला क्षार ठोकून काढतात, ते काम चाललं होतं. कोळशावरचा एक गडी दाराशी भेटला. त्याने सांगितलं, नागपूरचे इन्स्पेक्टर येऊन गेले, बॉयलरची खडान् खडा तपासणी केली, आणि जाताना मिस्त्रींना साहेबांच्या खोलीत, साहेबांच्या समोर, खुर्चीवर बसायला लावलं. पुढे काय बोलणं झालं ते कोणाला माहीत नव्हतं. साहेबांनी मात्र एकदम डझनभर काचा मागवल्या होत्या.

"मिस्त्री कुठे आहेत?"

त्याने पिंपाकडे बोट केलं. आतून हातोडीचे ठोके येत होते.

मी शिडीने वर चढलो. पिंपाच्या पाठीवर माणूस जेमतेम उतरेल एवढं भोक असतं. त्यातून हाक मारली. ठोके थांबले.

"कोन?"

"मी. अकोल्याहून आलो."

"महाराज का? उतर खाली."

चार महिने सतरा दिवस मी त्या बॉयलरवर काम केलं होतं, आत कधी गेलो नव्हतो. सदरा काढून, अंग चोरत उतरलो. खाली कंदिलाचा उजेड, हवेत पांढरा धुरळा. मिस्त्री दोन नळकांड्यांच्या मधल्या घळीत गुडघ्यांवर बसले होते, केस, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्यांनी कंदील उचलून एका नळकांड्याच्या माथ्यावर धरला.

"हात ठेव इथं. याच्या खाली भट्टी."

मी हात ठेवला. लोखंड थंडगार होतं. तिथं पितळेची एक डाट होती, तिच्यात शिसं भरलेलं असतं. पाणी माथ्यावरून उतरलं तर शिसं वितळून वाफ भट्टीत शिरावी आणि आग विझावी, यासाठी ती असते.

"ही नवी आहे. त्या दिवसाची डाट मी मंग काढून पाह्यली. शिसं उतराले लागलं होतं." त्यांनी बोटाच्या पेरावर अंगठ्याचं नख ठेवून दाखवलं किती उरलं होतं ते. नखाएवढंच होतं.

त्या लोखंडाच्या पोटात आमच्या दोघांचा श्वास घुमत होता. इतके दिवस मनात असलेलं मी विचारलं, "मिस्त्री, तुम्हाला भीती वाटली नव्हती?"

"वाटली ना बाप्पा. फावडं दोनदा हातातून पडलं."

"मग तुम्ही बाहेर का नाही आलात?"

ते खरोखरच विचारात पडले. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. "मंग आग कोनं दाबली असती?" त्यांनी मलाच विचारलं.

मी प्रमाणपत्र काढलं. त्यांचे हात पांढरे झालेले, म्हणून त्यांनी कागदाला हात लावला नाही. "वाच," म्हणाले. मी वाचलं. आत आवाज इतका मोठा झाला की बाहेरचे गडी हसायला लागले. "पुन्हा वाच," मिस्त्री म्हणाले, आणि मान खाली घालून त्यांनी दुसऱ्यांदा ऐकलं.

मग त्यांनी शेजारची हातोडी उचलून माझ्याकडे दिली आणि पलीकडचा कोपरा दाखवला. "हलक्या हातानं. पत्र्याले नाई लागलं पायजे, नुसती खपली निंगाली पायजे."

प्रमाणपत्र घडी करून कंबरेला खोचलं आणि मी सरपटत त्या कोपऱ्याकडे गेलो. ठोकायला लागलो. दुपारी भोकातून येणारा उजेड कोणीतरी अडवला आणि वरून आवाज आला, "मिस्त्री, आत किती जन आहेत?"

"दोन," मिस्त्री म्हणाले.